अल्प व्याजाचें खरें मोल

अलिबागकराला मुंबई समुद्रानें जवळ, पण मोटारीनें दूर, अशी स्थिति पुष्कळ वर्षें होती. पेण-पनवेलचा वळसा कोणालाच चुकत नसे. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह उतारू नेणारी रो-रो बोट सुरू झाली. आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी व न्हावाशेवा यांना जोडणारा, सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. तेव्हांपासून रायगडच्या किनाऱ्यावरील मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि नवी मोटार ही केवळ चैनीची वस्तु राहिली नाहीं. अशा वेळीं ‘अल्प व्याजांत नवी मोटार’ ही जाहिरात डोळ्यांपुढें येते, आणि संधि साधावी कीं सोडावी, असा प्रश्न घरांत उभा राहतो. प्रश्न नवा दिसतो, परंतु त्याचा धडा या किनाऱ्यानें मोटार येण्यापूर्वींच गिरविलेला आहे.

कोळीवाड्यांतील जुना व्यवहार पाहावा. होडी, जाळीं, दोर यांसाठीं हंगामापूर्वीं पैसा लागे आणि तो मासळीचा व्यापारी देई. पुष्कळदां या उचलीवर व्याज नांवापुरतें असे. कधीं तर मुळींच नसे. अट एवढीच कीं, धरलेली मासळी त्याच व्यापाऱ्यास घालावयाची आणि तो देईल तो भाव घ्यावयाचा. व्याज कागदावर दिसत नसे; तें रोज टोपलीगणिक वसूल होई. उचल फिटेपर्यंत दुसरें गिऱ्हाईक पाहण्याची मोकळीक नसे. बिनव्याजी पैशाची किंमत कोळी आपल्या स्वातंत्र्यानें चुकवीत होता.

शेतकऱ्याच्या वांट्यास दुसरी युक्ति येई. तिचें नांव मनोती. समजा, शंभर रुपयांचें खत लिहून घेतलें आणि मनोती म्हणून दहा रुपये आधींच कापून नव्वद हातावर ठेवले, तर व्याज मात्र पुऱ्या शंभरांवर चाले. खतांतील दर कितीहि सौम्य असो, खरा दर त्याहून चढाच असे.

उलट बाजूहि ध्यानांत घेतली पाहिजे. सरकारनें १८८३ आणि १८८४ सालीं कायदे करून शेतकऱ्यास हलक्या व्याजाची तगाई देऊं केली. तरीहि १९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सरकारचा वांटा अवघा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, आणि सावकारांचा मात्र सुमारें ७० टक्के होता. तगाईचें व्याज हलकें खरें. पण अर्ज, तारण, विलंब आणि ठराविक तारखेची वसुली ही तिची दुसरी किंमत होती. सारांश, कर्जाचा दर म्हणजे कर्जाचें मोल नव्हे.

हीच गोष्ट मोटारीच्या व्यापारांत मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९१९ सालीं कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली आणि हप्त्यानें मोटार घेण्याची चाल फैलावली. १९८६ सालीं गोदामांत साठलेल्या मोटारी खपविण्यासाठीं त्याच कारखान्यानें ३६ महिन्यांच्या कर्जावर २.९ टक्के व्याज जाहीर केलें. मात्र तें नको असेल त्यास रोख सूट घेतां येत होती. या निवडींतच सारें मर्म आहे. ज्यानें हलकें व्याज घेतलें त्यानें सूट सोडली, आणि सोडलेली सूट हेंच हलक्या व्याजाचें मोल होय.

एक हिशेब मांडून पाहूं. मोटारीची किंमत १० लाख रुपये आहे आणि ग्राहकाजवळ २ लाख रोख आहेत. विक्रेता सांगतो, सूट न घेतल्यास ८ लाखांचें कर्ज ७ टक्क्यांनीं मिळेल. बँकेचा दर ९ टक्के आहे. पण तेथून कर्ज काढल्यास मोटारीवर ५० हजारांची सूट मिळते, म्हणून कर्ज साडेसात लाखांचेंच लागतें. मुदत दोन्हीकडे ५ वर्षें. पहिल्या वाटेनें मासिक हप्ता सुमारें १५,८४१ रुपये पडतो. दुसऱ्या वाटेनें १५,५६९. म्हणजे ७ टक्क्यांचें कर्ज ९ टक्क्यांच्या कर्जाहून एकंदर १६ हजार रुपयांनीं महाग पडलें! सूट सुमारें ३७ हजारांहून कमी असती, तर मात्र हलकें व्याजच फायद्याचें ठरलें असतें. तेव्हां अशी प्रत्येक योजना फसवी असते असें नव्हे. हिशेबावांचून मात्र तिची परीक्षा होत नाहीं.

याहून मोठी मेख व्याज मोजण्याच्या पद्धतींत असते. तेंच ७ टक्के व्याज शिल्लक मुद्दलावर न धरतां ५ वर्षें पुऱ्या ८ लाखांवर धरलें, तर व्याज २ लाख ८० हजार आणि हप्ता १८,००० होतो. हप्त्यांबरोबर मुद्दल घटत जातें, व्याज मात्र घटत नाहीं. आणि खरा दर साडेबारा टक्क्यांच्या घरांत जातो. प्रक्रियाशुल्क आधींच कापलें गेलें, तर जुनी मनोतीच नव्या नांवानें परत आली असें समजावें.

कायद्यानेंहि हें ओळखलें आहे. मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानें सावकारास परवाना घेणें, वही ठेवणें आणि ऋणकोस हिशेब देणें भाग पाडलें. सप्टेंबर २०१३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांना बजावलें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर सर्व शुल्कें धरून होणारा वार्षिक दर दाखविणारें मुख्य तथ्यपत्रक किरकोळ कर्जाच्या ग्राहकास, त्याला समजणाऱ्या भाषेंत, देणें आवश्यक झालें आहे.

म्हणून मोटार ठरविण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थानें तीन गोष्टी विचाराव्या. रोखीनें घेतल्यास शेवटची किंमत काय? अखेरच्या हप्त्यापर्यंत एकंदर किती रुपये जातील? आणि मुदतीपूर्वीं कर्ज फेडल्यास दंड किती? उत्तरें लेखी घ्यावीं आणि दोन्ही वाटांची बेरीज घरीं बसून करावी. कोळ्याला व्यापाऱ्याचा कागद वाचतां येत नव्हता, आणि येता तरी त्यांत व्याज सांपडलें नसतें. आजच्या ग्राहकाच्या हातीं कागदहि आहे आणि त्यांत आंकडाहि आहे. तो न वाचतां सही करणें एवढाच धोका आतां त्याच्या स्वतःच्या हातीं उरला आहे.