एडक्कलची शैलखोदचित्रे

केरळ राज्याच्या वायनाड जिल्ह्यातील प्रसिद्ध प्रागैतिहासिक स्थळ. ते सुलतान बत्तेरीच्या नैर्ऋत्येस सु. १२ किमी.वर, अंबलवयल गावाजवळच्या अंबुकुत्ती डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवर आहे. ‘एडक्कल’ या मलयाळम् शब्दाचा अर्थ ‘मधला दगड’ असा असून तो या स्थळाच्या रचनेस नेमका लागू पडतो. रूढीने यास गुहा म्हटले जात असले, तरी भूवैज्ञानिक दृष्ट्या ती गुहा नव्हे. मूळ खडकापासून एक प्रचंड कडा अलग होऊन पडलेली ही भेग आहे. तिच्या तोंडावर वरून एक अजस्र शिला अडकून बसल्यामुळे तिला छप्पर लाभले. आतील दालन सु. २९ मी. लांब व ६.७ मी. रुंद आहे. छपराच्या फटींतून उतरणारा तिरपा प्रकाश भिंतींवर पडतो, तेव्हा कोरीव रेषांची खोली चांगली जाणवते. एरवी नवख्या डोळ्याला तेथे रेषांची केवळ गुंतवळ दिसते. अंबुकुत्ती या नावात बाणाचा उल्लेख असून, लव-कुशांच्या बाणांनी हा डोंगर भेदला गेला अशी स्थानिक लोकांची श्रद्धा आहे.

मलबार जिल्ह्याचा तत्कालीन पोलीस अधीक्षक फ्रेड फॉसेट याने १८९४ मध्ये हे स्थळ विद्वानांच्या नजरेस आणले. त्यापूर्वी १८९० मध्ये वायनाडमधील एका कॉफीच्या मळ्यात सापडलेली दगडी कुऱ्हाड त्याच्या पाहण्यात आली होती व तिच्यामुळे त्याचे कुतूहल जागे झाले होते. १९०१ मध्ये त्याने ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. खडकावरील रेषा नवाश्मयुगीन दगडी कुऱ्हाडींनी घासून काढलेल्या असाव्यात, हे त्याचे अनुमान पुढील बहुतेक विवेचनांचा पाया ठरले.

चित्रांत मानवाकृतींना प्राधान्य आहे. उंच शिरोभूषणे वा ताठ उभे केस दाखविलेल्या या आकृतींचे अवयव सरळ, जाड रेषांनी सुचविलेले आहेत. त्यांच्या भोवती मोजक्या प्राण्यांच्या आकृती, चक्रे, चौकटी आणि अर्थबोध न होणारी अनेक चिन्हे आहेत. रेषा एकमेकींना छेदतात, काही ठिकाणी जुन्या आकृतीवरच नवी आकृती चढविलेली दिसते. अशी भूमितीय वळणाची खोदचित्रे जवळच्या तोवरी टेकडीवरही आढळतात. कोकणातील कातळशिल्पांशी यांची तुलना सहज सुचते. परंतु तेथील आकृती उघड्या जांभ्याच्या सपाट सड्यांवर पसरलेल्या असून कशेळीच्या हत्तीसारख्या काही फारच भव्य आहेत, तर एडक्कल येथे बंदिस्त जागेतील उभ्या भिंती कोरल्या आहेत. या दोहोंत तंत्राचे साम्य असले, तरी परंपरेचे नाते त्यावरून सिद्ध होत नाही.

काळनिर्णय हा येथील खरा अवघड प्रश्न होय. कोरीव रेषेत रंगद्रव्य किंवा अन्य जैव पदार्थ नसल्याने तीस कार्बन-१४ पद्धती थेट लावता येत नाही. प्रवासी पुस्तिकांतून इ. स. पू. ६००० हा आकडा निःशंकपणे छापला जातो. त्याला पुरावा म्हणण्यापेक्षा अंदाज म्हणणे अधिक योग्य. शिवाय ही भिंत एका काळाची नाही. चित्रांच्या सान्निध्यातच ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांपैकी एका संस्कृत लेखाचे वाचन पुराभिलेखविद हुल्ट्श याने केले असून, तो कुटुंबीय कुळाची वृद्धी करणाऱ्या विष्णुवर्म्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखात अनेक वाघ मारणाऱ्याचा उल्लेख त्याने वाचला. वायनाडच्या अरण्यात हे बिरुद अगदी शोभून दिसते. तमिळ-ब्राह्मी लेखांपैकी एकात ‘चेर’ हा शब्द वाचला गेल्यामुळे केरळच्या प्राचीन राजकीय इतिहासाच्या दृष्टीनेही या भिंतीला महत्त्व आले. म्हणजे चित्रे कोरणाऱ्यांनंतर कित्येक शतकांनी आलेल्या साक्षर माणसांनाही येथे आपली खूण ठेवावीशी वाटली.

या मिसळीमुळेच चिन्हांच्या अर्थाविषयी धाडसी विधाने करणे सोपे आणि ती पडताळणे कठीण झाले आहे. २००९ मध्ये इतिहासकार एम. आर. राघव वारियर यांनी येथील काही चिन्हांचे सिंधू संस्कृतीच्या लिपिचिन्हांशी असलेले साम्य निदर्शनास आणले, विशेषतः पात्रासह असलेल्या मानवाकृतीचे. वृत्तपत्रांतून त्याचा मोठा बोलबाला झाला. मात्र माणूस आणि भांडे हे विषय इतके सार्वत्रिक आहेत, की एकट्यादुकट्या चिन्हाच्या साम्यावरून दीड हजार किमी.हून अधिक अंतराचा सांस्कृतिक संबंध मानणे सयुक्तिक नव्हे. कोणती रेषा आधीची व कोणती नंतरची, हे प्रत्येक ठिकाणी ठरविणे हे पहिले काम. वाचनाचा प्रश्न त्यानंतरचा.

हे काम करण्यासाठी रेषा शाबूत राहणे आवश्यक आहे. हे स्थळ केरळच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चढ उभा असून पायवाट व लोखंडी जिन्यांनी वर जावे लागते. तरीही पर्यटकांची गर्दी एवढी वाढली, की त्यांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा घालावी लागली. परिसरातील दगडखाणींच्या सुरुंगांमुळे अधांतरी अडकलेल्या शिळेला धोका पोहोचेल, अशी भीतीही वारंवार व्यक्त झाली आहे. प्राचीन रेषेशेजारी आजच्या अणकुचीदार वस्तूने उमटविलेला ओरखडा प्रथमदर्शनी वेगळा ओळखता येतो. काही पावसाळे उलटल्यावर त्याची झळाळी जाते आणि अभ्यासकाला तोही तपासावा लागतो.