कुलाबा जिल्ह्यांतील कुळांचे उमेदवार

कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आंग्रेकालीन कागद, खोतांच्या सनदा व कुळांनीं लिहून दिलेल्या कबुलायती संशोधकांस परिचित आहेत. परंतु या कागदांत कूळ आढळतें तें बहुधा देणेंकरी म्हणून. त्याची मागणी काय होती, हें पाहावयाचें तर संपाच्या व निवडणुकीच्या कागदांकडे वळावें लागतें. ते मात्र आपल्या संग्रहांत क्वचितच येतात.

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटांत कूळ शेत पिकवी व निम्मा वाटा खोताच्या कोठारांत घाली. या अर्धेलीविरुद्ध श्री. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ सालीं चरी येथें संप पुकारला गेला. तो १९३९ पर्यंत चालला. दरम्यान १९३४ सालीं डॉ. आंबेडकर चरीस आले होते.

पुढें १९३६ सालीं डॉक्टरांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत निवडणूक झाली. विधिमंडळाच्या १७५ जागांपैकीं अवघ्या १७ जागा या पक्षानें लढविल्या आणि त्यांतील बहुतेक जिंकल्या. मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून असल्यानें ज्यांच्यासाठीं हे उमेदवार उभे होते, त्यांतील पुष्कळांस मतच नव्हतें. ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉक्टरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, व जानेवारी १९३८ मध्यें शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. विधेयक संमत झालें नाहीं.

एवढ्यावरून असले लहान पक्ष निष्फळ ठरले असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. १९३९ सालीं कुळकायदा झाला, १९४८ सालीं दुसरा व्यापक कुळकायदा आला, आणि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. सत्ता इतरांच्या हातीं होती; प्रश्न मात्र यांनीं सभागृहांत नेला होता.

हाच क्रम पुढें उरणच्या किनाऱ्यावर दिसतो. न्हावा व शेवा हीं मूळचीं दोन निरनिराळीं गांवें. येथील आगरी व कोळी यांचा निर्वाह भातशेती, मीठ व मासळी यांवर. १९४७ सालीं स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षातर्फे जासईचे वकील श्री. दि. बा. पाटील १९५७ सालीं पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या शहरासाठीं भूसंपादन सुरू झालें. आतां जमीन मागणारा खोत नसून सरकार होतें. ता. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं श्री. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना हें या लढ्याचें फळ होय. न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें.

सनद जाड कागदावर लिहिलेली असते व पेटींत जतन होते. प्रचाराचें पत्रक हलक्या कागदाचें. तें एका पावसाळ्यांत नाहींसें होतें. यामुळें खोताची बाजू टिकते व कुळाची लुप्त होते. म्हणून जुन्या मतदारयाद्या, जाहीरनामे, सभांचीं पत्रकें व १९३७ सालीं निघालेल्या ‘कृषीवल’ पत्राचे जुने अंक कोणाच्या घरीं असल्यास ते रद्दींत न घालतां सनदांशेजारींच जपून ठेवावे, अशी आमची सर्व संग्राहकांस विनंति आहे.