ग्रिडची कुळकथा बेगमपेठेतून

ग्रिड कम्प्युटिंगची ओळख करून देणारं कुठलंही पुस्तक घ्या, पहिल्या दोन-चार पानांत विजेचा प्लग भेटतोच. प्लग भिंतीत घातला की वीज येते आणि ती कुठल्या केंद्रातून आली याची चौकशी कोणी करत नाही. दूरदूरच्या संस्थांचे संगणक एका जाळ्यात जोडले तर गणनशक्तीही अशीच मिळू शकेल, असं ते पुस्तक पुढे सांगतं. इयान फोस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी 1998 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ही उपमा रूढ केली, आणि ‘ग्रिड’ हे नाव विजेच्या जाळ्यावरून घेतलं याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुळाचा. ग्रिडची दोन कामं सांगितली जातात, गणनशक्ती वाटून घेणं आणि माहिती वाटून घेणं. यातल्या पहिल्या कामाचं कूळ वीजघरात सापडतं, हे मान्य. दुसऱ्याचं तिथे शोधून सापडणार नाही. ते सापडतं वेधशाळांत, आणि त्यातला एक महत्त्वाचा दुवा निजामाच्या हैदराबादेतला आहे, हे या लेखाचं म्हणणं.

पहिल्या कामाची वंशावळ सर्वपरिचित आहे. गणनशक्ती टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, हे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी 1961 मध्ये बोलून गेले होते. मल्टिक्स या संगणकप्रणालीच्या कर्त्यांनी 1965 मध्ये तोच विचार यंत्रणेत उतरवायला घेतला. अमेरिकेतल्या 17 ठिकाणांचे संगणक 1995 च्या आय-वे प्रयोगात जोडले गेले आणि त्या अनुभवातून ग्लोबस हा सॉफ्टवेअर-संच वाढला. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘गरुड’ ग्रिडच्या पहिल्या टप्प्यात 17 शहरांतल्या 45 संस्था जोडल्या. जिनिव्हाच्या महाकाय कणत्वरकातून निघणाऱ्या माहितीचा वाटा सांभाळायला मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी त्या जागतिक ग्रिडच्या दुसऱ्या फळीत बसली. इथवर विजेची उपमा व्यवस्थित चालते. प्रोसेसरचा एक तास मुंबईत खर्च झाला काय किंवा बंगळुरात, उत्तर तेच येतं.

माहितीच्या बाबतीत मात्र उपमा लंगडी पडते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एकतालात आलं आणि भारताची वीज खऱ्या अर्थाने एक झाली. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात दिवा लावला, तर त्यातली वीज सिंगरौलीची की चंद्रपूरची, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. सगळी वीज 50 हर्ट्झची, सगळी सारखी. तिचा उगम पुसला जातो म्हणूनच ती वाटता येते. माहितीचं नेमकं उलटं आहे. ‘19.8’ एवढाच आकडा तारेवरून आला, तर तो अंश आहे की मिलिमीटर, कोणी मोजला, कधी मोजला, कुठल्या बिंदूपासून मोजला, हे कळल्याशिवाय तो कवडीमोलाचा. वाटताना ज्याचा उगम पुसून चालत नाही, उलट सोबत पाठवावाच लागतो, अशा मालाची वहिवाट विजेच्या धंद्यातून येणं शक्य नाही. ती अशा लोकांकडून आली असणार ज्यांना हा प्रश्न आधी छळून गेला होता.

एप्रिल 1887 मध्ये पॅरिस वेधशाळेचे संचालक अमेदे मूशे यांनी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरवली. सगळ्या आकाशाचं छायाचित्रण करायचं, 11 व्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची जागा मोजून सूची छापायची आणि हे काम सुमारे 20 वेधशाळांनी आपसांत वाटून घ्यायचं, असं तिथे ठरलं. ‘कार्त द्यु सिएल’ हे त्या योजनेचं नाव. आकाशाचे क्रांतीनुसार, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतरानुसार, पट्टे पाडले आणि प्रत्येक वेधशाळेला एकेक दिला. दुर्बीण कशी असावी, तर काचेच्या प्लेटवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला (अंशाचा साठावा भाग), अशी. प्लेट दोन अंश बाय दोन अंशांची. एका प्लेटचा कोपरा दुसरीच्या मध्यावर यावा अशा रचनेने सारं आकाश दोनदा झाकायचं. मला सर्वांत लक्षणीय वाटते ती पुढची अट. प्रत्येक प्लेटवर, ती धुण्याआधीच, पाच-पाच मिलिमीटर अंतरावरच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी प्रकाशाने उमटवायची. फ्रेंचमध्ये तिला ‘रेझो’ म्हणत. जिलेटिनचा थर सुकताना आकसला तर रेघाही वाकतात आणि चूक पकडता येते. शिवाय प्रत्येक ताऱ्याचं मोजमाप जवळच्या रेघेपासून करता येतं. प्लेट पॅरिसची असो वा पर्थची, जाळी तीच. परस्परांना कधी न भेटलेल्या मोजणीदारांचे आकडे एका मापात बसावेत म्हणून जगाने मिळून मान्य केलेली अशी चौकट त्याआधीच्या विज्ञानात फारशी आढळत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या सान्तियागो, रिओ आणि ला प्लाता या वेधशाळांना आपापले पट्टे निभावता आले नाहीत. मग कोर्दोबा, पर्थ आणि हैदराबाद पुढे झाली. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये उभी केलेली खासगी वेधशाळा त्यांच्या मृत्यूनंतर 1908 मध्ये निजाम सरकारने चालवायला घेतली, आणि पहिले संचालक आर्थर चॅटवूड यांच्या काळात तिचं काम बेगमपेठेत बसलं. ‘निजामिया’ हे तिचं नाव. तिच्या वाट्याला आला दक्षिण क्रांती 17 ते 23 अंशांचा पट्टा; आपल्या अनुराधा नक्षत्राचा बराचसा भाग याच पट्ट्यात येतो. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. तेव्हा या प्लेटांच्या खर्चात मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता असं मी धरून चालतो. चॅटवूडनंतर आर. जे. पोकॉक आणि पुढे टी. पी. भास्करन यांनी काम रेटलं. दक्षिणेचा पट्टा संपल्यावर पॉट्सडॅमकडून अपुरा राहिलेला उत्तरेचा 36 ते 39 अंशांचा पट्टाही हैदराबादने उचलला. ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त काम करणाऱ्या वेधशाळा थोड्या होत्या. त्यांत ही एक.

आता कथेतली अडचण. पोकॉक ऑक्सफर्डचे, हर्बर्ट हॉल टर्नर यांच्या तालमीतले. टर्नर यांनी दाखवून दिलं होतं की प्लेटवरच्या क्ष आणि य मापांवरून आकाशातली जागा काढायला साध्या रेषीय समीकरणांची जोडी पुरते. एका प्लेटला सहा स्थिरांक, तीन क्ष साठी, तीन य साठी. गणिताची केवढी बचत! म्हणून सूचींच्या खंडांत ताऱ्यांचे विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) न छापता नुसती क्ष आणि य मापं छापली. वाचणाऱ्याने ती प्लेट शोधावी, तिचे सहा स्थिरांक शोधावेत आणि आकडेमोड करावी. वेगवेगळ्या वेधशाळांनी मापंही वेगवेगळ्या पद्धतीने छापली. कुणाचा आरंभबिंदू प्लेटच्या मध्यावर, तर कुणाचा कोपऱ्यात. जाळी एक केली, पण जाळीत मोजलेल्या आकड्याची ओळख लिहिण्याची रीत एक केली नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. सुमारे 46 लाख ताऱ्यांची सूची अनेक दशकं ग्रंथालयांत बंद राहिली आणि हा सारा उद्योग वाया गेला असा शेरा पुढच्या पिढ्यांनी मारला.

ही कोंडी फुटली ती संगणकामुळे, पण त्याच्या वेगामुळे नव्हे. मॉस्कोच्या स्टर्नबर्ग संस्थेत 1987 ते 1994 या काळात छापील खंडांतले आकडे संगणकात भरले गेले. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने प्रत्येक प्लेटचे स्थिरांक नव्याने काढून सगळे पट्टे एका मापात आणले. त्या सूचीचं नाव एसी 2000. त्याच सुमारास हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा विलक्षण अचूकपणे मोजल्या होत्या. एक माप 1910-20 च्या सुमाराचं आणि दुसरं 1991 चं, अशी सात-आठ दशकांच्या अंतरावरची दोन मापं हाती आल्यावर तारा आकाशात किती सरकला हे काढता येतं. सन 2000 मधली टायको-2 ही 25 लाख ताऱ्यांची सूची अशी तयार झाली. बेगमपेठेत रात्री जागून घेतलेल्या प्लेटा उपग्रहाच्या मापांना पूरक ठरल्या. हे साधलं कारण कुणीतरी बसून प्रत्येक आकड्याला त्याचा पत्ता परत जोडला.

इथून पुढची पायरी पुण्यापर्यंत येते. आकड्याबरोबर त्याची ओळखही त्याच फायलीत जावी म्हणून स्ट्रासबूर्गचे फ्रांस्वा ओक्सेनबाइन, कॅल्टेकचे रॉय विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये व्हीओटेबल हा आराखडा ठरवला. त्यात तक्त्याच्या आधी प्रत्येक स्तंभाचा परिचय असतो: नाव, एकक, आकड्याचा प्रकार, आणि हा आकडा नेमकं काय सांगतो याचा ठरीव संकेत. ‘पॉस.ईक्यू.डेक’ असा संकेत दिसला की तो स्तंभ क्रांतीचा, मग वरचं नाव रशियन असो की स्पॅनिश. टर्नरचे सहा स्थिरांक ज्या गोष्टीसाठी शोधत फिरावं लागे, ती गोष्ट इथे आकड्याच्या डोक्यावर बसून प्रवास करते. माहिती मागण्याची रीतही तितकीच सुटसुटीत. ‘कोन सर्च’ नावाच्या वेब सेवेला तीन आकडे द्यायचे: विषुवांश, क्रांती आणि त्रिज्या. अनुराधेतल्या बीटा ताऱ्याभोवतीचं आकाश हवं असेल तर 241.36, वजा 19.8 आणि 0.5, सगळे अंशांत. उत्तर म्हणून व्हीओटेबल परत येतं. पलीकडचा संगणक कुठल्या बनावटीचा, हे विचारावं लागत नाही. पुण्याच्या आयुकामध्ये अजित केंभावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या सोबतीने आभासी वेधशाळेचा, म्हणजे जगभरची खगोलभांडारं जाळ्यावरून एकत्र वापरू देणाऱ्या यंत्रणेचा, भारतीय प्रकल्प उभा केला. त्यातून निघालेलं व्हीओप्लॉट हे साधन असे तक्ते वाचून त्यांचे आलेख काढत असे. स्ट्रासबूर्गच्या व्हिझिएर या सूचीभांडारालाही ते जोडलं गेलं. आभासी वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची बैठक सप्टेंबर 2004 मध्ये पुण्यात झाली ती काही उगाच नव्हे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की रेझो ते ग्रिड ही वंशावळ नावाच्या साधर्म्यावर उभी आहे. ती तशी नाही. काचेवरच्या रेघांवरून ‘ग्रिड’ शब्द आला असं माझं म्हणणंच नाही. नाव विजेकडून आलं, वहिवाट खगोलाकडून, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असतात. ज्या मंडळींनी व्हीओटेबल घडवलं तीच सूचीभांडारं सांभाळणारी मंडळी होती. ओक्सेनबाइन यांचं केंद्रच मुळी जुन्या-नव्या सूची एकत्र ठेवण्याचं. हा दुवा माणसांतून जातो, शब्दकोशातून नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हवामानखात्यांचं काय? व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय परिषद 1873 ची, आपलं हवामान खातं 1875 चं, आणि तारेने निरीक्षणं वाटून घेणं कार्त द्यु सिएलच्या आधीपासून चालू होतं. मानाने त्यांना थोरलं म्हणावं लागेल. पण हवामानाची तार सांकेतिक आकड्यांत यायची आणि संकेताचं पुस्तक पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या टेबलावर आधीच असायचं. दोघेही एकाच व्यवसायातले, आणि आकडा त्याच दिवशीच्या नकाशावर चढायचा. अनोळखी वाचक ऐंशी वर्षांनी येणार आहे, त्याच्याजवळ आपलं संकेतपुस्तक नसेल, हा प्रश्न त्या तारेपुढे उभा नव्हता. तो हैदराबादच्या खंडांपुढे उभा राहिला आणि त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून व्हीओटेबल आलं. हवामानखातं चुलत घराणं आहे. ग्रिडमधल्या माहितीचा सरळ पूर्वज नाही.

तिसरा आक्षेप धंद्यातला: सोप आणि तिच्यासारख्या वेब सेवांच्या रीती व्यापारी कंपन्यांनी घडवल्या, खगोलवाल्यांनी नाही. हे खरंच आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या जिम ग्रे यांनी त्या रीती मोठ्या माहितीवर पारखून पाहण्यासाठी अॅलेक्स सालाय यांच्या सोबतीने तारासूचीच निवडल्या, आणि स्कायक्वेरी या प्रयोगात निरनिराळ्या भांडारांतले तारे वेब सेवांमधून परस्परांशी जुळवून दाखवले. ताऱ्यांच्या माहितीला बाजारात किंमत नाही, म्हणून ती मोकळेपणाने वाटता येते, हे ग्रे आवर्जून सांगत. ग्लोबसवाल्यांनीही 2002 पासून आपलं घर वेब सेवांच्या पायावर नव्याने बांधायला घेतलं. विजेच्या उपमेतून वाढलेली शाखा शेवटी माहितीच्या शाखेच्या अंगणात आली, आणि गणनशक्ती भाड्याने देण्याचं तिचं काम पुढे क्लाउडने उचललं.

हे सगळं ताऱ्यांपुरतं राहू नये. ज्या संस्थानाने त्या प्लेटा घेतल्या, त्यातल्या मराठवाड्याच्या जायकवाडी धरणाचा साठा दर पावसाळ्यात छापून येतो: कधी टीएमसीत, कधी दलघमीत (दशलक्ष घनमीटर), कधी नुसता टक्क्यांत. धरणाचा एकूण साठा 2909 दलघमी आणि उपयुक्त साठा 2171 दलघमी; तेव्हा ‘50 टक्के’ म्हणजे कशाचे, यावर सातशे दलघमींहून मोठ्या मृतसाठ्याचा हिशेब लटकतो. पाणी, पाऊस, पीक यांचे तक्ते प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला विनंती आहे, की स्तंभाचं पूर्ण नाव, एकक, मोजल्याची तारीख आणि कशाच्या तुलनेत मोजलं ते, या चार गोष्टी त्याच फायलीत, आकड्यांच्या वर लिहाव्यात.