चक, लाकूड कातण्याचा : हौशी कातकामातील पहिली निवड

लेथच्या फिरत्या स्पिंडलवर बसवून जॉब (कातायचा तुकडा) पकडण्याचे साधन. या नोंदीत फक्त लाकूड कातण्याच्या छोट्या लेथवर हौशी माणसाने घ्यावयाच्या पहिल्या चकचा विचार केला आहे, आणि तो पिंपरी-चिंचवड, हिंजवडी व चाकण या पट्ट्यातील सोयीगैरसोयी धरून. धातुकामातील चक तुलनेपुरते आले आहेत.

लाकडासाठी सर्वाधिक रुळलेला प्रकार चार जॉचा (पकडणाऱ्या जबड्यांचा) स्वकेंद्री चक होय. त्याच्या पोटात एक चकती असते व तिच्यावर सर्पिल खाच कोरलेली असते. या खाचेला स्क्रोल म्हणतात. चावी फिरवली की चकती फिरते आणि तिच्यात दात अडकलेले चारही जॉ सारख्या अंतराने आत किंवा बाहेर सरकतात, म्हणून जॉब आपोआप मध्यावर येतो. जॉच्या खालच्या सरकपट्ट्यांवर १ ते ४ असे आकडे असतात. साफसफाईसाठी काढलेल्या पट्ट्या परत घालताना हा क्रम चुकला, तर जॉ मध्याला मिळत नाहीत.

पूर्वपरंपरा : महाराष्ट्रात लाकूड कातण्याचा व्यवसाय कातारी करीत. लाटणी, पोळपाट, रव्या, भोवरे, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय आणि वाड्यांतील कातीव खांब ही त्यांची कामे. जुन्या लेथवर जॉब दोन टोकदार खिळ्यांमध्ये धरून दोरीने किंवा कामठ्याने मागेपुढे फिरवीत. जॉब एका दिशेला फिरताना हत्यार कापत असे आणि उलट फेऱ्यात कातारी ते मागे घेत असे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे व खेळणी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण येथील खेळणी ही कातकामाचीच जिवंत केंद्रे आहेत. लाखकामात लाकडाचा तुकडा एका टोकाने पोकळ कपात ठोकून घट्ट बसवतात, फिरत्या जॉबवर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि चन्नपट्टणला तिच्यावर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. या सगळ्या कामात जॉचा चक कुठेही नाही. स्क्रोल चक एकोणिसाव्या शतकात धातुकामासाठी पुढे आला. लाकडासाठी खास जॉ असलेले त्याचे रूप हौशी कातकाम करणाऱ्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. चक हा कातकामाचा पाया नव्हे, हे नवशिक्याने खरेदीपूर्वी समजून घेणे फार महत्त्वाचे आहे.

गरज : लाटणे, रवी, खुर्चीचा पाय असे लांबट जॉब दोन सेंटरांमध्ये कातले जातात, त्यांना चक लागत नाही. वाडगा, डबी, उखळीसारखे खोल भांडे, म्हणजे ज्याचे एक तोंड मोकळे ठेवून आतून कोरायचे असते, अशा कामाला चक हवा. तिथेही फेसप्लेट (स्पिंडलवर चढणारी भोकांची चकती) आणि चार चांगले स्क्रू पुष्कळ काळ भागवू शकतात. पहिला चक केव्हा घ्यावा याबद्दल जाणकारांत एकमत नाही. सेंटरांवर हात बसल्यावरच तो घ्यावा, असे एक मत आहे. लेथबरोबरच घ्यावा, म्हणजे उत्साह टिकतो, असे दुसरे. पैसे मर्यादित असतील तर चकपेक्षा आधी एक चांगली बोल गाउज (वाडगा कोरण्याची पटाशी) आणि धार लावण्याची सोय करावी, यावर मात्र फारसा वाद नाही.

आटे : चक निवडताना ब्रँड, आकार, जॉचे संच हे सगळे नंतर येते. पहिला प्रश्न स्पिंडलच्या आट्यांचा आहे. छोट्या लेथवर प्रामुख्याने १ इंच ८ आटे आणि एम ३३ × ३.५ ही दोन मापे आढळतात. जुन्या किंवा फार छोट्या यंत्रांवर ३/४ इंच १६ आटे आणि काही मोठ्या अमेरिकी यंत्रांवर १ १/४ इंच ८ आटे हेही मिळते. यातील शेवटच्या मापाची आणि एम ३३ ची गल्लत वारंवार होते, कारण व्यास ३१.७५ आणि ३३ मिमी. असे जवळजवळ आहेत. आट्यांचा बाहेरचा व्यास नाममात्र मापापेक्षा किंचित कमीच भरतो, त्यामुळे नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नये. स्पिंडलवर स्टीलची पट्टी आडवी धरून एका शिखरापासून पुढच्या आठव्या शिखरापर्यंतचे अंतर मोजावे. ते २५.४ मिमी. भरले तर इंचाला ८ आटे, २८ मिमी. भरले तर ३.५ मिमी. चा पिच (लगतच्या दोन आट्यांतील अंतर). पिच गेज असेल तर उत्तमच. चुकीचा चक एक-दोन फेरे चढतो आणि अडकतो. तिथे जोर लावल्यास खराब होतात ते स्पिंडलचे आटे, आणि स्पिंडल बदलणे चकपेक्षा महाग पडते.

चकची रचना दोन प्रकारची असते. काहींच्या शरीरातच आटे पाडलेले असतात. काहींत मधोमध बदलता येणारा इन्सर्ट बसतो, त्यामुळे उद्या लेथ बदलला तरी चक वाया जात नाही. पहिल्या खरेदीत इन्सर्टचा प्रकार घ्यावा. तिसरा मार्ग म्हणजे स्पिंडल आणि चक यांच्यामध्ये बसणारा ॲडॅप्टर. तो स्वस्त असतो, पण त्यामुळे जॉब बेअरिंगपासून आणखी पुढे जातो आणि थरथर वाढते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा खरा फायदा आट्यांच्या या कामात आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्यानंतर पिंपरी-चिंचवड व भोसरीत आणि पुढे चाकणला मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी जॉबवर्क करणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स वाढली. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये काम करणाऱ्या आणि फ्लॅटच्या गच्चीत वा पार्किंगच्या कोपऱ्यात लेथ मांडणाऱ्या माणसाला आटे पाडून देणारा टर्नर तासाभराच्या अंतरावर मिळतो. देशातल्या बहुतेक हौशी कातकाम करणाऱ्यांना ही सोय नाही. नेमका इन्सर्ट बाजारात नसेल तर तो बनवून घेता येतो, आणि तसा बनवून घेणे हा कमीपणा नव्हे.

मात्र टर्नरला नुसते ‘आटे पाडून द्या’ एवढे सांगू नये. आट्यांच्या मागे स्पिंडलला खांदा असतो. आटे चकला फक्त आत ओढून घट्ट धरतात. तो सरळ फिरतो तो खांद्यावर सपाट टेकल्यामुळे. म्हणून इन्सर्टचे आतले आटे, खांद्याला टेकणारी फेस आणि सुरुवातीचा साधा, आटे नसलेला भाग ही तिन्ही कामे एकाच सेटिंगमध्ये, जॉब न सोडता करून घ्यावीत. जॉब उलटून पकडला की मध्य हलतो. दुसरी अडचण गिअरची आहे. इंची लीडस्क्रूच्या जुन्या लेथवर ३.५ मिमी. पिच अचूक पाडायचा तर १२७ दातांचा चेंजगिअर लागतो, कारण १२७ मिमी. म्हणजे बरोबर ५ इंच. मेट्रिक लीडस्क्रूवर इंचाला ८ आटे पाडतानाही तोच. काही टर्नर जवळपासच्या गिअरवर काम चालवतात. आखूड इन्सर्टमध्ये ते खपूनही जाते, पण चढवताना घट्ट लागते. काम देताना आपला स्पिंडल सोबत नेता येत नसेल, तर त्याच आट्यांची फेसप्लेट नमुना म्हणून न्यावी. तयार इन्सर्ट फेसप्लेटवर बसत नाही, कारण दोन्हींचे आटे आतले असतात. तिच्यावरून टर्नरला पिच व माप कळते, आणि तिच्यात बसेल असा बाहेरच्या आट्यांचा गेज आधी करून मग इन्सर्ट त्या गेजवर जुळवता येतो. घरी आणल्यावर चक चढवून डायल इंडिकेटर लावावा. चकच्या बाहेरच्या घेरावर ०.०५ मिमी. च्या आत रनआऊट (फिरताना होणारे डोलणे) आला तर लाकडासाठी ते उत्तम काम समजावे.

जॉ : पहिल्या चकबरोबर ५० मिमी. चे डव्हटेल (तिरक्या कडेचे) जॉ असावेत. बाकीचे संच गरज पडेल तसे घ्यावेत. वाडग्याच्या तळाशी एक आखूड गोल खुंट ठेवतात, त्याला टेनन म्हणतात. जॉ त्याच्यावर बाहेरून आवळतात. दुसऱ्या पद्धतीत तळात उथळ गोल खोबण करून जॉ आतून फाकवतात. दोन्हींत अधिक भरवशाची कोणती यावर मतभेद आहेत. ठिसूळ किंवा चिरा पडलेल्या लाकडात जॉ फाकवल्यास तळ उकलण्याची भीती असते, एवढे निश्चित.

जॉची आतली कड एका ठरावीक व्यासाच्या पूर्ण वर्तुळात घडवलेली असते. टेनन त्या व्यासाच्या जवळ असेल तर चारही जॉ सबंध लांबीने लाकडाला टेकतात. टेनन मोठा असेल तर प्रत्येक जॉची फक्त दोन टोके टेकतात, लाकडावर आठ खुणा उमटतात आणि पकड निसटती राहते. जॉ जवळजवळ मिटलेले, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट, ही सर्वांत चांगली स्थिती. टेननचे टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. वाडग्याचा खांदा जॉच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे. जॉब उडण्याचे एक मोठे कारण हा खांदा नीट न बसणे हेच असते. ओल्या लाकडाचा टेनन वाळताना लंबगोल होतो, म्हणून ओबडधोबड कातून वाळत ठेवलेला वाडगा पुन्हा चढवण्यापूर्वी टेनन परत गोल करून घ्यावा लागतो. पावसाळ्यात पडलेल्या रेनट्री, गुलमोहर किंवा आंब्याच्या फांद्यांवर काम करणाऱ्यांना याचा अनुभव लगेच येतो. (शहरी हद्दीत उभे झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.)

धातुकामाचा चक : वर्कशॉपमधून निघालेला जुना थ्रीजॉ चक भंगाराच्या भावात मिळतो आणि मोह होतो. तो टाळावा. त्याचे जॉ अरुंद, कडक व पायऱ्यांचे असतात. ते लाकडात रुततात, तीन ठिकाणी दाबून पातळ तुकडा वेडावाकडा करतात आणि कडेच्या बाहेर येऊन फिरतात. लाकूड कातताना हात चकच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे बाहेर आलेला जॉ बोटांची सालटी काढतो. वजन हाही प्रश्न आहे. छोट्या लेथसाठीचा १०० मिमी. चा लाकडी कामाचा चक साधारण दोन किलोचा असतो, तर १६० मिमी. चा धातुकामाचा चक त्याच्या कित्येक पट जड असतो. चिनी बनावटीच्या चकवर के ११ म्हणजे तीन जॉचा स्वकेंद्री, के १२ म्हणजे चार जॉचा स्वकेंद्री आणि के ७२ म्हणजे चार जॉ स्वतंत्रपणे हलणारा, असे संकेत असतात. यांपैकी के १२ योग्य बॅकप्लेट करून घेतल्यास गोल व चौकोनी दांड्यांसाठी चालतो, असे काही जण मानतात. डव्हटेल टेननसाठी तो उपयोगी नाही. जुना चक घेतलाच, तर जॉ तोंडाशी फाकले आहेत का ते पाहावे. एखादा सरळ गोल रॉड पकडून समोरचे टोक हलते का, एवढी परीक्षा पुरते.

बनावटी : न्यूझीलंडच्या टेकनाटूलचा नोव्हा, ऑस्ट्रेलियाचा विकमार्क, कॅनडाचा वनवे, ब्रिटनचे रेकॉर्ड पॉवर व ॲक्समिन्स्टर हे प्रसिद्ध आहेत, चिनी चक त्यांहून स्वस्त मिळतात. थोडे अपवाद सोडता एका कंपनीचे जॉ दुसऱ्याच्या चकवर बसत नाहीत, म्हणून पहिला चक घेताना पुढच्या जॉची उपलब्धता पाहावी. २५० ते ३०० मिमी. स्विंगच्या (म्हणजे एवढ्या व्यासापर्यंतचा जॉब फिरवू शकणाऱ्या) लेथला ९० ते १०० मिमी. चा चक पुरतो. दोन दांड्यांनी आवळण्यापेक्षा टी-आकाराच्या चावीचा प्रकार घ्यावा, कारण एक हात जॉब धरायला मोकळा राहतो. साधी हत्यारे व फुटकळ सामान पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळते.

सुरक्षितता : चावी चकमध्ये कधीही ठेवू नये, आयटीआयच्या टर्नर वर्गात हाच पहिला धडा असतो. वाडग्याचा इंचातील व्यास आणि फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवतात, म्हणजे १० इंची वाडग्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. नवशिक्याने खालच्या टोकाला राहावे आणि ओबडधोबड लाकडाला त्याहूनही कमी. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड हवी. उलट्या दिशेने फिरवायचे असेल तर इन्सर्टमधील ग्रब स्क्रू आवळल्याशिवाय लेथ सुरू करू नये, नाहीतर चक स्पिंडलवरून उलगडतो.

देखभाल : स्क्रोलमधील भुसा कोरड्या ब्रशने काढावा, तेल अगदी थोडे, कारण तेलात भुसा चिकटून बसतो.