निर्मात्याचे मन उडाल्यावर

ग्रंथ एकदा छापला गेला, की लेखकाने त्याकडे पाठ फिरविली तरी ग्रंथाचे अडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. भोवतालची यंत्रे बदलतात, नियम बदलतात, चोरांच्या क्लृप्त्याही बदलतात. त्यांच्याबरोबर आज्ञावली दुरुस्त होत राहिली नाही, तर गाळ न उपसलेल्या विहिरीसारखी तिची गत होते. मुक्तस्रोत म्हणविल्या जाणाऱ्या आज्ञावलींची मूळ संहिता वाचावयास, बदलावयास व वाटावयास सर्वांना मोकळीक असते. परंतु त्यांतील पुष्कळशा कोणा एकट्याने, विनावेतन, स्वतःच्या गरजेपोटी लिहिलेल्या असतात. ती गरज सरली, की त्याचे मन उडते. मग त्यांवर विसंबलेल्यांनी काय करावे?

या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे. १९९६ साली अमेरिकेतील एरिक रेमंड यांना दूरच्या संगणकावर साठणारे आपले टपाल घरच्या संगणकावर आणावयाचे होते. त्यांना कार्ल हॅरिस यांची ‘पॉपक्लायंट’ ही छोटीशी आज्ञावली सापडली. त्यांनी काही सुधारणा करून पाठविल्या, तेव्हा कळले की हॅरिस यांचा तिच्यातील रस केव्हाच संपला आहे. हॅरिस यांनी ती अडवून धरली नाही. ती रेमंड यांच्या स्वाधीन केली. रेमंड यांनी वापरणाऱ्यांनाच सहकारी मानले. चाचणी करणाऱ्यांची यादी तीनशेच्या आसपास गेली. त्यांतील एकाने सुचविले, की आणलेले टपाल आज्ञावलीने स्वतः पेटीत टाकण्याऐवजी संगणकातील टपालव्यवस्थेकडेच सोपवावे. या एका सूचनेने कित्येक गुंते सुटले. आज्ञावलीस ‘फेचमेल’ असे नवे नाव मिळाले. हा अनुभव रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात मांडला व मन उडालेल्या निर्मात्याने लायक वारस शोधून देणे हे त्याचे कर्तव्य ठरविले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःही फेचमेलचा कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला.

सर्वच निर्माते इतके दक्ष नसतात. बर्कले येथील विद्यापीठात शिकणारे स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनी १९९५ साली चित्रे संस्कारित करणारी ‘गिंप’ ही आज्ञावली लिहावयास घेतली. १९९७ मध्ये शिक्षण संपले, दोघे आपापल्या वाटेने गेले आणि काम खोळंबले. तेव्हा वापरणारेच पुढे सरसावले. संहिता मुक्त असल्यामुळे त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. १९९८ च्या जूनमध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २०२५ च्या मार्चमध्ये तिसरी आली.

परंतु वारस पारखून घेणेही तितकेच अगत्याचे असते. माहिती आटोपशीर करणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली फिनलंडचे लासे कॉलिन फावल्या वेळात जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. ते थकले होते, आणि मदतनीस घ्या म्हणून पत्रांतून तगादाही लागला होता. ‘जिया तान’ असे नाव धारण करणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास संपादिला, अधिकार मिळविले आणि २०२४ च्या आरंभी नव्या आवृत्त्यांत गुप्त चोरदरवाजा बसविला. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो, एवढे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आले, म्हणून त्या मार्चमध्ये अनर्थ टळला.

मुक्त परवान्याने वारसास हक्क मिळतो; वारस मात्र मिळत नाही. तो शोधावा लागतो, तयार करावा लागतो, आणि तोही निर्माता थकून जाण्यापूर्वी. फुकट मिळालेल्या वस्तूची दुरुस्ती फुकट होत नसते, हे ज्यांनी वेळीच ओळखले, श्रमाने वा द्रव्याने आपला वाटा उचलला आणि किल्ल्या एकाच हाती राहू दिल्या नाहीत, त्यांच्याच आज्ञावली निर्मात्यामागे तग धरून राहिल्या आहेत.