सिडनीतले पत्र आणि दुसरा हाईड

मुलांना शाळेत 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाईड' अभ्यासाला असेल, तर स्टीव्हन्सनची सिडनीतली हकीकतही त्यांना जरूर सांगावी. कादंबरी १८८६ची. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता १८८९मध्ये वारलेल्या फादर डेमियनची निंदा करणारे एक पत्र सिडनीच्या धार्मिक पत्रात छापून आले. लिहिणारे होनोलुलूचे प्रतिष्ठित पाद्री. आणि नाव, योगायोग पाहा, डॉ. हाईड! मोलोकाईला स्वतः राहून आलेला स्टीव्हन्सन खवळला. अब्रुनुकसानीच्या खटल्यात सर्वस्व जाईल हे घरच्यांना सांगून, त्यांच्या संमतीने, त्याने फेब्रुवारी १८९०मध्ये सिडनीतच जाहीर उत्तर लिहिले आणि पुढे ते तिथेच छापले. डेमियनचा हेकेखोरपणा, गबाळेपणा त्याने लपवला नाही. तरी त्याला थोरच म्हटले. जेकिल माणसातले बरे-वाईट वेगळे काढू पाहतो; इथे लेखकाने दोन्ही एकत्रच राहू दिले. खटला मात्र झाला नाही.