गुळव्याची नजर ते कारखान्याचा हिशेब : पळसदेवच्या परिसरातील एका अवक्षेपाची गोष्ट

१/ पळसदेव म्हटले की उजनीचे पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसनाथाचे जुने मंदिर आठवते. ज्या पाण्याने जुने गाव पोटात घेतले, त्याच पाण्यावर काठचा ऊस पोसला गेला. त्या उसाची साखर होताना रसायनशास्त्राचा एक काटेकोर हिशेब घडतो.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापुरात खेळू लागले. गुऱ्हाळात रसाचा मळ काढण्यासाठी भेंडी आणि चुना वापरीत. चुना किती, हे गुळव्याची नजर ठरवी.

३/ १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. भारतीय कारखान्यांत सल्फिटेशनची पद्धत रूढ झाली : तापवलेल्या रसात विरवलेला चुना घालायचा आणि गंधक जाळून निघालेला सल्फर डायऑक्साइड सोडायचा. कॅल्शियम सल्फाइटचा अवक्षेप बनतो आणि मळ सोबत घेऊन तळाशी बसतो.

४/ आता हिशेब. ७४ ग्रॅम चुन्याला ६४ ग्रॅम वायू लागतो; त्यातून १२० ग्रॅम सल्फाइट (पाण्याचा अंश न धरता) मिळते. समजा, चुना १४८ ग्रॅम आणि वायू ९६ ग्रॅम आहे. चुना २ मोल, वायू मात्र १.५ मोल. वजनाने कमी म्हणून नव्हे, तर मोलच्या प्रमाणात अपुरा म्हणून वायू आधी संपतो. तोच मर्यादक अभिक्रियाकारक. ३७ ग्रॅम चुना तसाच उरतो.

५/ म्हणजे सल्फाइट जास्तीत जास्त १८० ग्रॅम. गाळून, वाळवून प्रत्यक्षात १६२ ग्रॅम हाती आले, तर १६२ ÷ १८० × १०० = ९० टक्के उत्पादन. उरलेले काही रसात विरघळून राहते, काही गाळताना निसटते.

६/ हा हिशेब चुकला तर? चुना उरला, तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचे विघटन होऊन रस काळवंडतो. वायू जास्त झाला, तर रस आंबट होतो आणि सुक्रोजच फुटू लागते. शेतकऱ्याच्या उसातली साखर पोत्यात पोहोचण्याआधीच नाहीशी होते. म्हणून रस सुमारे ७ सामूवर राखतात.

७/ गुळव्याची नजर अडाणी नव्हती. रंग आणि फेस पाहून तोही हाच तोल शोधत होता. कारखान्याने त्या तोलाला आकडा दिला.